एपीपी व्हावं की थेट फसवणुकीच्या खटल्यांत बचाव करावा? कोर्टनाक्यावरून एक उत्तर

प्रश्न ठाण्याच्याच एका वकील मुलीचा आहे. चार वर्षं सीनियरकडे फौजदारी काम केलंय. घरचे म्हणतात, सहायक सरकारी अभियोक्त्याची (एपीपी) परीक्षा दे, सरकारी नोकरी आहे. सीनियर म्हणतात, तिथे दहा वर्षं फुकट घालवशील, आत्तापासून आर्थिक गुन्ह्यांत बचावाचं काम धर, पैसा तिथेच आहे. तिने विचारलंय की सरकारी बाजूला राहून नंतर आरोपीच्या बाजूने उभं राहायला जमतं कसं, आणि मनाला लागत नाही का?

मी १९९८ ते २०१२ एपीपी होते. डहाणू, भिवंडी, ठाणे, बेलापूर अशा बदल्या झाल्या. त्यानंतर राजीनामा देऊन कोर्टनाक्यावर चेंबर घेतलं आणि तेव्हापासून बहुतेक काम फसवणूक, अपहार, बनावट दस्तऐवज यांतल्या आरोपींचं करते. म्हणून उत्तर देण्याचा थोडा अधिकार आहे असं समजते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मनाला लागतं. पण तुला वाटतंय त्या बाजूने लागत नाही. आरोपींची बाजू मांडल्याचं मला फारसं कधी लागलं नाही. सरकारी बाजूला असताना ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यांतल्या काही अजून रात्री आठवतात.

जामीन अर्ज आला की कोर्ट सरकारी वकिलाचं म्हणणं मागतं. आपण सगळे त्याला 'से' म्हणतो. बोर्डावर ऐंशी-नव्वद प्रकरणं असतात, तपास अधिकारी अकरा वाजता केस डायरी घेऊन येतो, साडेअकराला पुकारा होतो. मग से ठरलेलाच असतो: गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे, तपास प्राथमिक टप्प्यावर आहे, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, सबब अर्ज नामंजूर व्हावा. भिवंडीत असताना एका पतपेढीचं प्रकरण आलं. अध्यक्ष आणि व्यवस्थापक फरार. सापडला तो कारकून, कारण तो रोज कामावर येत होता. व्हाउचर त्याच्या हस्ताक्षरातली, रोजकीर्दही त्याचीच. मी तोच से लिहिला. तो पन्नासहून जास्त दिवस आत राहिला.

पुढे तो खटला पुराव्याला आला तेव्हा तयारीसाठी मी जप्ती पंचनामा एकेक बाब घेऊन वाचायला बसले. खाली कुठेतरी 'इतर पत्रव्यवहार, एक फाईल' अशी नोंद होती. फाईल मागवली. त्यात त्या कारकुनाने संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र होतं. तारणाशिवाय कर्जं वाटली जात आहेत, मला व्हाउचर लिहायला सांगतात, कृपया लेखी आदेश द्यावेत, असं. तारीख फिर्यादीच्या पाच महिने आधीची. पोचेवर संस्थेचा शिक्का होता. मी तपास अधिकाऱ्याला विचारलं, हे दोषारोपपत्राला का जोडलं नाही? तो अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडम, तो आपल्या कामाचा कागद नव्हता."

पत्र मी कोर्टापुढे ठेवलं. त्यात शौर्य काही नाही, ते कामच होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच सांगतो की सरकारी बाजू अशी चालवावी की निर्दोषाला शिक्षा होणार नाही. १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की कसंही करून शिक्षा लावणं हे सरकारी वकिलाचं काम नव्हे. कारकून सुटला. पण ते पत्र पहिल्या दिवसापासून पोलीस ठाण्याच्या कपाटात होतं आणि मी से लिहिताना ते मागवलं नव्हतं. तीस सेकंदांत लिहिलेला तो से मी अजून विसरलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. परीक्षा दे असंच मी सांगेन, पण घरचे देतात त्या कारणासाठी नाही. फसवणुकीच्या खटल्यात बचावाचा वकील म्हणून तुझं सगळ्यात मोठं भांडवल कोणतं असेल? फाईल कशी तयार होते ते माहीत असणं. कोणता कागद कोणाकडून येतो, कोणता यायला हवा होता आणि आला नाही, पंच कुठून धरून आणतात, जबाब एकाच दिवशी एकाच शब्दांत वीस साक्षीदारांचे कसे होतात, हे बाहेरून वाचून कळत नाही. आतून रोज बघितलं की कळतं. मी आज दोषारोपपत्र हातात घेतलं की आधी त्यात काय नाही ते शोधते. ही सवय सरकारने पगार देऊन लावली.

या बाबतीत आता कायदाही मदतीला आलाय. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत सांगितलं की पोलिसांनी जप्त केलेले पण दोषारोपपत्रात न वापरलेले कागद, वस्तू, जबाब यांची यादीसुद्धा आरोपीला द्यायची. माझ्या भिवंडीच्या कारकुनाला अशी यादी मिळाली असती तर! आजही ही यादी आपणहून क्वचितच मिळते, अर्ज करावा लागतो. तू बचावात आलीस तर नकला हातात पडल्या की पहिला अर्ज हाच टाक.

फाईल कशी फुगते तेही आतूनच कळतं. चारशेवीस, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम, एकटी कधी येत नाही. तिच्यासोबत ४०६, ४०९ (विश्वासघात), ४६७ (मूल्यवान रोख्याची बनावट), ४६८, ४७१ (बनावटीचीच इतर कलमं), १२०-ब (कट) अशी वरात येते. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची ३१८, ३१६, ३३६, ३३८, ३४० ही कलमं लागतात, पण वरात तीच. नवे लोक विचारतात, एवढी कलमं कशाला? साधं गणित आहे. नुसत्या फसवणुकीला कमाल शिक्षा सात वर्षं. म्हणजे अर्नेश कुमारचा २०१४ चा निकाल लागू पडतो, अटकेआधी नोटिशीचा विचार करावा लागतो, आणि अटक केलीच तरी दोषारोपपत्राला साठ दिवस मिळतात. ४०९ किंवा ४६७ जोडलं की जन्मठेपेपर्यंतची तरतूद येते. साठाचे नव्वद दिवस होतात आणि अटकेचं समर्थन सोपं होतं. म्हणून एखाद्या झेरॉक्सवरची सही वादात असली तरी ४६७ लागतं. मी सरकारी बाजूला असताना हे कलम लावलं गेलेलं रिमांडला सहज पुढे नेलं आहे. आज त्याच जागी समोर उभी राहून विचारते, साहेब, मूल्यवान रोखा कुठे आहे? बनावट केला कोणी, कधी, कोणाच्या सहीने?

यातली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. ४६७ ला जन्मठेप असली तरी ते चालतं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि त्या कोर्टाला तीन वर्षांपलीकडे शिक्षा देता येत नाही. जास्त शिक्षा हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. त्यामुळे फसवणुकीचे खरे खटले, साक्षी-पुराव्यासकट, चालवायला मिळतात ते एपीपीला. तुझे सीनियर दहा वर्षं फुकट जातील म्हणतात. त्या दहा वर्षांत तू जितक्या बँक अधिकाऱ्यांची सरतपासणी घेशील, तितक्यांची उलटतपासणी त्यांच्या सगळ्या ज्युनिअरना मिळून आयुष्यभरात मिळणार नाही.

आता जे सांगते ते या कामाचं मर्म आहे, म्हणून जरा थांबून वाच. फसवणुकीचा खटला म्हणजे एका तारखेचा शोध. पैसे बुडाले, वचन मोडलं, माल दिला नाही, एवढ्याने फसवणूक होत नाही. बुडवायचा इरादा व्यवहाराच्या पहिल्या दिवशीच होता का, एवढाच प्रश्न. २००० सालच्या हृदयरंजन प्रसाद वर्मा निकालापासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात न्यायालयाने पुन्हा बजावलं की फसवणुकीत इरादा सुरुवातीपासून वाईट लागतो, तर विश्वासघातात वस्तू आधी रीतसर सोपवलेली असते आणि नियत नंतर फिरते. एकाच वस्तुस्थितीवर दोन्ही एकाच वेळी टिकत नाहीत. तरी आजही रोज ४२० आणि ४०६ हातात हात घालून येतात.

ही तारीख शोधायची कशी? वाशीच्या एपीएमसीतलं उदाहरण घे. व्यापारी नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देतो. पहिले दोन हप्ते वेळेवर येतात. तिसऱ्यांदा मोठा माल उचलतो आणि गाळ्याला कुलूप. असे गुन्हे मी सरकारतर्फे चालवले आणि नंतर बचावातही लढले. ते दोन वेळेवर आलेले हप्ते दोन्ही बाजूंचं हत्यार आहेत. सरकारी वकील म्हणून मी सांगत होते की ते आमिष होतं. बचावाची वकील म्हणून सांगते की माणूस प्रामाणिक होता, पुढे धंद्यात बसला. दोन्ही युक्तिवाद तेवढेच चांगले आणि तेवढेच पोकळ. निकाल लागतो तो दुसऱ्याच कागदांवर. गाळा भाड्याने कधी घेतला, किती महिन्यांसाठी घेतला, आणि उचललेला माल पुढे कोणत्या भावाने विकला. सरकारी बाजूला असताना एका प्रकरणात आम्हाला काट्याच्या पावत्या मिळाल्या. ज्या दिवशी माल आला त्याच दिवशी तो खरेदीच्या भावाखाली विकलेला होता. ज्याला पैसे फेडायचे असतात तो असं करत नाही. तिथे बचावाला बोलायला जागाच उरली नाही. आज माझ्याकडे असं प्रकरण आलं तर मी पक्षकाराला सगळ्यात आधी विक्रीच्या पावत्याच मागते. द्यायला का-कू करू लागला तर काय समजायचं ते समजते, आणि मग बचाव शिक्षेच्या प्रमाणावर आणि परतफेडीवर नेते.

याच्या उलट साडेबारा टक्के. नवी मुंबईत वकिली करायची तर हा विषय तोंडपाठ हवा. सिडकोने पंचाण्णव गावांची जमीन घेतली, १९८४ मध्ये जासईला आंदोलनात माणसं गेली, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना आली. भूखंड प्रत्यक्ष हातात पडायच्या आधीच, नुसत्या फाईलवर किंवा इरादापत्रावर, वारसदार करार करून पैसे घेतात. बारा-पंधरा वर्षं जातात. वारस वाढतात, भाव चौपट होतात, एक भाऊ दुसऱ्याच बिल्डरशी करार करतो. मग पहिला गुंतवणूकदार पोलिसांत जातो: मला फसवलं.

अशाच एका प्रकरणात मी नेरूळकडच्या एका आगरी कुटुंबातल्या दोन भावांतर्फे उभी होते. पहिला करार नोटरीकडचा, नोंदणी नाही. दुसरा नोंदणीकृत, सूची दोनवर चढलेला. पोलिसांनी ४६७ आणि ४६८ ही लावलेलं. मी दोषमुक्तीच्या अर्जात २००९ च्या मोहम्मद इब्राहिम निकालावर भिस्त ठेवली. दुसऱ्याची मिळकत आपली म्हणून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने विकणं यात 'खोटा दस्तऐवज' तयार होत नाही, असं त्यात म्हटलंय. त्या माणसाने तोतयेगिरी केलेली नाही, सही त्याचीच आहे. त्याच निकालात आणखी एक प्रश्न दडलाय, तो मी प्रत्येक फाईलवर पेन्सिलीने लिहून ठेवते: फसवलं गेलं कोण? दुसऱ्यांदा विकलं तर फसला असेल तो दुसरा खरेदीदार. आणि तो तर फिर्यादी नव्हताच, तो आरोपींबरोबर जेवायला बसत होता. पहिल्याचा कराराचा हक्क होता, त्यासाठी दिवाणी दावा होता, पण दाव्याची तीन वर्षांची मुदत त्याने घालवली होती. दिवाणी कोर्टाची वाट बंद झाली म्हणून तो पोलीस ठाण्यात आला होता. बनावटीची कलमं गेली. पहिल्या करारावरच्या रकमेबाबतचा फसवणुकीचा आरोप राहिला, तो पुढे तडजोडीने मिटला.

तडजोडीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. ४२० आणि ४०६ कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येतात. ४६७, ४६८, ४७१ नाही. ती असली तर मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे २०१२ च्या ग्यान सिंग निकालाच्या चौकटीत बसेल तरच गुन्हा रद्द होतो. म्हणून बनावटीची कलमं आधी पाडणं याला फक्त शिक्षेपुरतं महत्त्व नसतं, समेटाचं दारही त्यामुळेच उघडतं. हे माझ्या पक्षकारांना समजावताना घसा कोरडा पडतो. त्यांना वाटतं, फिर्यादीने पैसे मिळाले असं लिहून दिलं की संपलं.

कागदांबद्दल अजून थोडं, मग पुढे जाऊ. सरकारी बाजूने हरलेल्या खटल्यांतले निदान निम्मे मी कागदाच्या रूपावर हरले. मूळ दस्त नाही, झेरॉक्सवर निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पाडून मागतोय. वादातल्या सह्या पुण्याला सीआयडीच्या हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवल्या, पण तुलनेसाठी घेतलेले नमुने त्याच काळातले नाहीत. बँकेचं स्टेटमेंट आहे, पण बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालचा दाखला नाही. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आहेत, फोन नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या दाखल्याबद्दलचा २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर निकाल तर आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३ वं कलम हॅश मूल्यासह (फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) दाखला मागतं. हे सगळं हरून शिकले. जिंकून शिकता येत नाही असं नाही, पण हरलेलं पाठ राहतं.

आता ते, ज्याबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. ठेवीदार.

आर्थिक गुन्ह्यांतला बचाव म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कॉर्पोरेट माणसं येतात. ठाण्यात चित्र वेगळं असतं. सोनाराकडची भिशी, पतपेढी, दामदुप्पट योजना, डोंबिवलीतलं बेकायदा इमारतीतलं घर. कल्याण-डोंबिवलीच्या पासष्ट इमारतींना बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळाल्याचं प्रकरण तुला माहीत असेलच. तिथे हजारो कुटुंबं कर्जाचे हप्ते फेडत राहिली. या लोकांसमोरून तुला रोज जावं लागतं. ठेवीदारांची प्रकरणं चालतात त्या एमपीआयडीच्या कोर्टाबाहेर बाकावर बसलेली निवृत्त माणसं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या. एकदा एका ठेव प्रकरणात मी संचालकाच्या मुलातर्फे उभी होते. बाहेर आले तर एका बाईंनी हात धरला. माझ्या आईच्या वयाच्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही आधी आमच्या बाजूला होता ना?" त्यांच्या एका जुन्या फिर्यादीत मी सरकारी वकील होते, त्यांनी चेहरा लक्षात ठेवला होता. मला उत्तर सुचलं नाही. हो म्हणाले, आणि जिना उतरले. मामलेदार कचेरीपर्यंत चालत गेले, मिसळ मागवली आणि तशीच ठेवून उठले.

म्हणून सांगते, ठेवीदारांच्या पैशांचं काय होतं हे बचावाच्या वकिलालाही नीट माहीत हवं. १९९९ चा आपला ठेवीदार हितसंरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्यात कमाल शिक्षा सहा वर्षांची. त्याची खरी ताकद शिक्षेत नसून जप्तीत आहे. सरकार अधिसूचना काढून मिळकती जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमतं, आणि विशेष न्यायालय ती जप्ती कायम करतं. २०२२ मध्ये ६३ मून्स या कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'ठेव' या शब्दाचा अर्थ चांगलाच रुंद धरला, त्यामुळे आता 'आमची ती ठेवच नव्हती' हा बचाव पूर्वीइतका चालत नाही. पण जप्तीपासून लिलावापर्यंत वर्षं जातात. मधल्या काळात जप्त फ्लॅटची देखभाल कोणी करत नाही, सोसायटीची थकबाकी चढते, बँक आधीच्या गहाणाचा हक्क सांगत येते. ठेवीदाराच्या हातात पडतं ते पिकलेल्या शेतातून पाखरांनी उरवलेलं.

त्यामुळे माझ्याकडे येणारा संचालक किंवा भागीदार खरंच पैसे फेडू शकत असेल, तर मी पहिल्या बैठकीत मिळकतींची यादी मागते आणि विक्रीचा प्रस्ताव कोर्टापुढे स्वतःहून ठेवायला सांगते. काही जण ऐकतात. काही जण म्हणतात, मॅडम, जामिनाचं बघा. एक लक्षात ठेव, जामिनासाठी फसवणुकीची रक्कम भरण्याची तयारी दाखवण्याची फॅशन मधल्या काळात फार बोकाळली होती. जुलै २०२३ मध्ये रमेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी कोर्ट म्हणजे वसुलीची यंत्रणा नव्हे, पैसे भरण्याच्या अटीवर जामीन हा नियम होऊ नये. पक्षकाराला घाईत आकडा कबूल करू देऊ नकोस. भरता आला नाही की जामीनही जातो आणि विश्वासार्हताही.

नवं पीक आहे ते भाड्याने दिलेल्या बँक खात्यांचं. कोपरखैरणे, कळवा, दिवा इथली वीस-बावीस वर्षांची पोरं. कोणीतरी मित्र म्हणाला, खातं उघड, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच-सात हजार मिळतील. मग डिजिटल अरेस्टवाल्यांनी नागपूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून उकळलेले लाखो रुपये त्याच खात्यातून निघून जातात. पोरगा सापडतो, मूळ माणूस परदेशात. मला यात भिवंडीचा तो कारकून पुन्हा दिसतो. सापडतो तो, ज्याचा पत्ता माहीत असतो. फरक एवढाच की या पोरांतल्या काहींना काय चाललंय याचा नक्की अंदाज असतो, आणि तो कोणाला होता आणि कोणाला नव्हता हे फोनमधले मेसेज सांगतात. पालकांना मी सांगते, फोन फॉरमॅट करू नका. त्यात त्याच्या विरुद्धचा पुरावा असेल तसा बाजूचाही असेल, आणि पुसलात तर पहिल्यापेक्षा मोठी अडचण होईल.

नोकरीबद्दल थोडक्यात, कारण ते जाहिरातीत लिहिलेलंच असतं. एपीपी एमपीएससीमार्फत, कायम नोकरी, दंडाधिकारी न्यायालयात काम, बदली राज्यात कुठेही. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील वेगळे, ते बारमधून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. दोन्ही वाटा एक समजू नकोस. सरकारी अभियोक्ता झालीस म्हणून वकील असणं संपत नाही, हे २०१३ च्या दीपक अग्रवाल निकालाने स्पष्ट केलंय, त्यामुळे पुढे जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेची वाटही उघडी राहते. भूगोल समजून घे: नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय एक, पण वाशी-नेरूळचा गुन्हा ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-पनवेलचा रायगड जिल्ह्यात. पालघर २०१४ मध्ये वेगळा जिल्हा झाला; त्याआधी डहाणूची बदली हा ठाण्यातल्या एपीपींच्या पोटातला गोळा होता. मी ती सकाळची गाडी दोन वर्षं पकडली आहे. पैशांचं म्हणशील तर तुझे सीनियर खरं बोलतात. बचावात जास्त आहे. पण पहिली तीन वर्षं माझं उत्पन्न पगारापेक्षा कमी होतं, हे त्यांनी सांगितलं नसेल.

किती वर्षं राहायचं? आठ ते दहा पुरेत. पंधरानंतर से आपोआप लिहिला जातो, वाचणं थांबतं. माझं बाराव्या वर्षाच्या आसपास थांबायला लागलं होतं. निघताना आणखी दोन वर्षं गेली.

आणि ओलांडल्यावर एक कुंपण ठेव. जिथे तू सरकारतर्फे एकदाही उभी राहिलीस, मग ती एका रिमांडपुरती का असेना, ते प्रकरण पुन्हा हातात घ्यायचं नाही. मी राजीनाम्याच्या दिवशी माझ्या डायऱ्या चाळून अशा सगळ्या प्रकरणांची एक वही केली. ती अजून टेबलाच्या खणात आहे.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ मोठ्या भावासाठी आले. जुना गुन्हा, इतकी वर्षं आरोपी फरार म्हणून पडून राहिलेला, आता तो हजर झालेला. फी विचारली नाही, सांगाल ती म्हणाले. गुन्हा क्रमांक ऐकून मी वही काढली. २०१० मध्ये सहआरोपीच्या रिमांडला मी उभी होते. नाही म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. ते हसले. "मॅडम, तुम्हाला त्या फायलीतलं आतलं सगळं ठाऊक आहे, म्हणूनच तर तुमच्याकडे आलो." मी त्यांना दोन चेंबर सोडून बसणाऱ्या एका मुलाचं नाव दिलं. चांगला लढतो, आणि त्या फायलीतलं त्याला काही ठाऊक नाही. बेलापूरच्या बोर्डावर ते प्रकरण अधूनमधून दिसतं. पुकारा झाला की मी बार रूममध्ये जाऊन बसते.